न्योर्डलिंगन कसे पाहावे : उल्काविवरात वसलेल्या एका जर्मन गावाचा भूगोल आणि इतिहास

न्योर्डलिंगनचे आकाशातून घेतलेले छायाचित्र पाहिले की लाल कौलांचे जवळजवळ पूर्ण गोल गाव दिसते, आणि ‘उल्काविवरात वसलेले गाव’ अशी त्याची ओळख आधी वाचलेली असल्यामुळे तो गोल म्हणजेच विवर, असे पाहणारा धरून चालतो. गावात पाऊल ठेवण्यापूर्वी हा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. छायाचित्रातला गोल हा तटबंदीचा आहे. त्याचा व्यास जेमतेम एक किलोमीटर भरतो आणि तो चौदाव्या शतकात माणसांनी आखला. विवराचा गोल सुमारे चोवीस किलोमीटर व्यासाचा आहे, तो साधारण १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी काही मिनिटांत घडला, आणि न्योर्डलिंगन त्याच्या मध्यावर नसून मध्यापासून सहा-सात किलोमीटर नैर्ऋत्येला आहे. हे दोन गोल मनात वेगळे ठेवले आणि त्यांच्या मधली जमीन नीट पाहिली, तर गाव उलगडत जाते. तसे पाहण्यासाठी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोणत्या ठिकाणी थांबावे, ते या लेखात सांगितले आहे.

हे गाव बायर्न (बव्हेरिया) राज्याच्या पश्चिम कडेला, श्वाबेन विभागातील डोनाउ-रीस जिल्ह्यात आहे. लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास आहे. म्युनिक किंवा आउग्सबुर्गहून रेल्वेने डोनाउव्योर्टपर्यंत यावे आणि तेथे आलेनकडे जाणारी गाडी धरावी. म्युनिक किंवा श्टुटगार्ट परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना एका दिवसात जाऊन परत येणे शक्य आहे. पण विवर आणि गाव दोन्ही पाहायचे असतील, तर एक रात्र मुक्काम करावा असे मी आग्रहाने सांगेन. त्याचे कारण लेखाच्या शेवटी येईल.

निघण्यापूर्वी नकाशावर

घरी असतानाच उंचसखलपणा दाखवणारा नकाशा उघडावा. दक्षिण जर्मनीतून नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे चुनखडीच्या डोंगरांची एक लांब पट्टी जाते. तिच्या पश्चिमेकडील भागाला श्वाबियन आल्ब आणि पूर्वेकडील भागाला फ्रँकोनियन आल्ब म्हणतात. या पट्टीला मध्येच एक गोल छेद पडलेला दिसतो, तोच रीस. रीसचा तळ समुद्रसपाटीपासून साधारण ४३० मीटर उंचीवर आहे आणि भोवतालची कड त्याहून शंभर ते दीडशे मीटर उंच आहे. ‘रीस’ हे नाव रोमन साम्राज्याच्या ‘रेशिया’ या प्रांतावरून आले. प्रांताची बाकीची जमीन इतर नावांनी ओळखली जाऊ लागली, पण या गोल खोलगटीने ते जुने नाव आजवर जपले आहे.

त्यानंतर नद्या पाहाव्यात. एगर ही लहान नदी पश्चिमेकडून विवरात शिरते, न्योर्डलिंगनच्या तटातून आत येऊन बाहेर पडते आणि पुढे व्योर्निट्झला मिळते. व्योर्निट्झ विवराच्या पूर्व भागातून दक्षिणेला वाहते आणि डोनाउव्योर्ट येथे डॅन्यूबला मिळते. विवरातले पाणी बाहेर जाण्याचा मुख्य मार्ग हाच आहे, आणि रेल्वेने येताना आपणही बऱ्याच अंशी याच बाजूने आत शिरतो. म्हणून डोनाउव्योर्ट सोडल्यावर खिडकीशी बसावे. काही वेळ गाडी डोंगरांच्या सोबतीने चालते आणि मग झाडी मागे पडून दोन्ही बाजूंना सपाट, उघडी शेते पसरतात. हा बदल लक्षात राहावा एवढा ठळक आहे.

नकाशावर आणखी एक काम करावे: गावांची नावे मोठ्याने वाचावीत. न्योर्डलिंगन, ल्योप्सिंगन, डायनिंगन, राइमलिंगन, बाल्डिंगन, म्योटिंगन. ‘-इंगन’ या शेवटाची इतकी गावे एका ठिकाणी दाटीने आढळणे ही अलेमानी लोकांच्या वसाहतीची खूण आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमनांची येथील सरहद्द कोसळली आणि त्यानंतर हे जर्मानिक लोक या सुपीक तळात वस्ती करून राहिले. ‘-इंगन’ म्हणजे अमुक माणसाच्या गोतावळ्याची वस्ती. आपल्याकडे गावाची पांढरी (वस्तीची जमीन) आणि काळी (शेतीची जमीन) वेगळी मानतात; रीसमध्ये काळी आधी आणि तिच्या ओढीने पांढरी, असा क्रम या नावांतून दिसतो.

पहिला थांबा : चर्चची भिंत

रेल्वे स्थानक तटाच्या बाहेर पूर्वेला आहे. डायनिंगर वेशीतून आत शिरून सरळ मध्यभागी, सेंट गेओर्ग चर्चपाशी जावे. बहुतेक प्रवासी आल्याबरोबर मनोऱ्यावर चढतात. तसे करू नये. आधी भिंतीजवळ, हात लागेल इतक्या अंतरावर उभे राहावे.

दगड राखाडी आहे, त्यात किंचित हिरवट झाक आहे आणि तो एकसंध नाही. त्यात तळहाताएवढे आणि त्याहून लहान गडद, लांबट, पापुद्र्यासारखे तुकडे रुतलेले दिसतात. काहींच्या कडा वितळून ओघळल्यासारख्या आहेत, काहींत बुडबुड्यांची छिद्रे आहेत. हे तुकडे म्हणजे नैसर्गिक काच. तेथील लोक त्यांना ‘फ्लेड्ले’ म्हणतात. श्वाबेनमध्ये सूपमध्ये घालायच्या धिरड्याच्या पट्ट्यांनाही हाच शब्द आहे. काचेच्या तुकड्यांशेजारी खालच्या खोल थरांतील स्फटिकमय खडकाचे कण दिसतात. बोट फिरवले तर दगड खरखरीत आणि हलका वाटतो, आणि कोपऱ्यांवर तो झिजलेला आढळतो, कारण हा दगड हवापाण्यापुढे फार टिकत नाही. म्हणूनच या चर्चच्या बाह्यभागाची दुरुस्ती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे.

या दगडाचे नाव सुएव्हाइट. श्वाबेनच्या लॅटिन नावावरून ते पडले. १४२७ ते १५०५ या काळात हे चर्च बांधणाऱ्या गवंड्यांना तो जवळच्या खाणीतून निघणारा आणि घडवायला सोपा दगड एवढेच ठाऊक होते. पुढच्या अभ्यासकांनी तो ज्वालामुखीचा दगड ठरवला, आणि ते समजण्यासारखे होते: काच, राख, बुडबुडे आणि भाजलेले खडक हे सारे ज्वालामुखीतही आढळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अशनीच्या आघाताची कल्पना काही जणांनी मांडली, पण तिला पुराव्याचे बळ नव्हते.

तो पुरावा १९६० मध्ये मिळाला. अमेरिकी भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर यांनी रीसच्या पूर्वेकडील ओटिंग येथील खाणीतून सुएव्हाइटचे नमुने गोळा केले आणि एडवर्ड चाओ यांनी त्यांत कोएसाइट हे खनिज शोधून काढले. कोएसाइट म्हणजे प्रचंड दाबाखाली घट्ट झालेली गारगोटी. जमिनीच्या पृष्ठभागाजवळ असा दाब ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही; तो केवळ अतिशय वेगाने आदळणाऱ्या वस्तूच्या धडकेने निर्माण होतो. १९६१ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि रीसचा प्रश्न सुटला. सुमारे एक किलोमीटर व्यासाचा लघुग्रह येथे आदळला होता.

मराठी वाचकाला ही कथा परिचयाची वाटेल, कारण बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या बाबतीत असाच वाद दीर्घकाळ चालला. लोणारही ज्वालामुखीचे मुख मानले जाई. १९७० च्या दशकात तेथील खडकांत आघाताने काचेत रूपांतरित झालेले खनिज सापडल्यावर तो मतभेद मिटला. फरकही ध्यानात घ्यावा. लोणारचे विवर १.८ किलोमीटर व्यासाचे, दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेले आणि भूवैज्ञानिक दृष्टीने अगदी तरुण आहे, म्हणून त्याची वाटी काठावर उभे राहून एका नजरेत दिसते. रीस इतके मोठे आणि इतके भरून आलेले आहे की त्याच्या आत राहणाऱ्या माणसांनाही आपण विवरात राहतो हे शतकानुशतके कळले नाही. ज्याने लोणार पाहिले आहे, त्याला न्योर्डलिंगनमध्ये कल्पनेचा मोठा आधार मिळतो: लोणारच्या काठापासून काठापर्यंतचे अंतर घ्यावे आणि तसे तेरा तुकडे एका रांगेत मांडावेत.

या दगडात हिरेही आहेत, असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरे आहे. आघाताच्या दाबाने खडकातील ग्राफाइटचे हिरे बनले. मात्र ते मिलिमीटरच्या अंशाएवढे, डोळ्यांना न दिसणारे आहेत. भिंतीत चमकणारे जे काही दिसेल ते अभ्रक किंवा काच असेल. भिंत खरवडू नये. दगडाचा तुकडा जवळून पाहायचा असेल, तर पुढचा थांबा त्यासाठीच आहे.

संग्रहालयात काय पाहावे

रीस विवर संग्रहालय १५०३ च्या एका जुन्या कोठारात, १९९० पासून आहे. तेथे सगळे पाहण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा तीन गोष्टींपाशी वेळ द्यावा. पहिली, खडकांचा क्रम. आघातात सर्वांत आधी वरचे थर फुटून बाहेर फेकले गेले आणि त्यांचा रंगीबेरंगी, सरमिसळ झालेला राडा भोवताली पसरला. त्याला ‘बुंटे ब्रेच्चिया’ म्हणतात. त्याच्यावर सुएव्हाइट बसला. म्हणजे खोलातून आलेला, जास्त भाजलेला खडक वर आणि उथळ, कमी तापलेला खडक खाली, असा उलटा क्रम आहे. हा उलटा क्रम समजला की खाणीत उभे राहून तो स्वतः ओळखता येतो. चुनखडीचे काही ठोकळे तर सुमारे सत्तर किलोमीटर दूर, आउग्सबुर्गच्या परिसरापर्यंत जाऊन पडले.

दुसरी गोष्ट म्हणजे मोल्डावाइट, ही बाटलीच्या काचेसारखी हिरवी नैसर्गिक काच. ती सापडते चेक प्रदेशात, बोहेमिया आणि मोराव्हियात, पण ती तयार झाली येथे. आघाताच्या पहिल्या क्षणी पृष्ठभागावरची वाळू वितळून उडाली आणि शेकडो किलोमीटर पूर्वेला थिजून खाली पडली.

तिसरी, अपोलो १६ मोहिमेने आणलेला चंद्रावरचा दगड. तो या गावात असण्यामागे कारण आहे. ऑगस्ट १९७० मध्ये ॲलन शेपर्ड, एडगर मिचेल, यूजीन सर्नन आणि जो एंगल हे अंतराळवीर रीसमध्ये क्षेत्र-प्रशिक्षणासाठी आले होते. चंद्राचा पृष्ठभाग आघातांनी घडलेला असल्यामुळे आघाताने बनलेला खडक हातात घेऊन ओळखता येणे त्यांच्यासाठी महत्त्वाचे होते, आणि त्यासाठी येथील खाणी अत्यंत सोयीच्या होत्या. १९७३ मध्ये विवरात १,२०६ मीटर खोल संशोधन-विहीर घेण्यात आली; तिच्यातून निघालेल्या खडकांनी विवराच्या पोटातला इतिहास क्रमवार दाखवला. २०२२ पासून रीस हे युनेस्कोचे जागतिक भू-उद्यान आहे.

मनोऱ्यावरून

आता ‘डानिएल’वर चढावे. चर्चच्या नव्वद मीटर उंच मनोऱ्याला गावकरी याच नावाने ओळखतात. पायऱ्या साडेतीनशे आहेत. शरद ऋतूत सकाळी खोलगट भागात धुके साठून राहते, त्यामुळे मनोऱ्यासाठी दुपार निवडावी. हवा स्वच्छ नसेल तर दुसऱ्या दिवसावर ढकलावे, कारण येथे सगळे दृश्यमानतेवर अवलंबून आहे.

वर पोहोचल्यावर आधी खाली न पाहता दूर पाहावे. क्षितिजावर सर्व बाजूंनी गडद, वनाच्छादित रेषा दिसते; ती विवराची कड. कडेवर जंगल आणि तळात शेती, ही विभागणी इतकी स्पष्ट आहे की वनाची सीमा हीच जवळजवळ विवराची सीमा समजावी. कारण मातीत आहे. आघातानंतर या खोलगटीत सरोवर साचले आणि ते सुमारे वीस लाख वर्षे टिकले. त्याला बाहेर वाट नसल्यामुळे त्याचे पाणी दीर्घकाळ खारट, अल्कधर्मी होते, लोणारच्या पाण्यासारखे. सरोवराच्या तळाशी तीनशे मीटरहून जाड गाळ साचला. पुढे नद्यांनी बराचसा गाळ उपसून नेला आणि हिमयुगात वाऱ्याने आणलेली बारीक, पिवळसर लोएस माती तळावर पसरली. लोएस नांगराला मऊ आणि पिकाला उत्तम असते. कडेवर मात्र चुनखडी आणि तिचा पातळ मातीचा थर, म्हणून तेथे जंगल आणि मेंढ्यांची कुरणे. शेतकऱ्याने जमीन जोखली आणि कुऱ्हाड कोठे चालवायची ते ठरवले. त्याचा परिणाम आपण वरून पाहतो.

मग नजर जवळ आणावी. सपाट तळातून काही टेकड्या वर आलेल्या दिसतात. वायव्येला वालरश्टाइनचा एकटा उभा खडक आहे, गावाच्या दक्षिणेला मारियेनह्योए ही टेकडी आहे. या टेकड्या विवराच्या आतल्या, वर्तुळाकार कड्याचे अवशेष आहेत: आघाताने खोलातला स्फटिकमय खडक वर उसळला, आणि सरोवराच्या काळात त्याच्यावर पाण्यातील चुनखडी साचली. वालरश्टाइनच्या खडकाचा पुढे गढीसाठी उपयोग झाला, कारण सपाट मुलखात उंच खडक म्हणजे आयता किल्ला. योटिंगनच्या सरंजामदारांचे घराणे भोवतालच्या मुलखाचे मालक होते, आणि न्योर्डलिंगनचा पुढचा सगळा इतिहास या शेजाऱ्यांशी असलेल्या ताणाने व्यापलेला आहे.

सर्वांत शेवटी पायाखालचे गाव पाहावे. येथेही दोन गोल आहेत. बाहेरचा तट लगेच दिसतो; त्याच्या आत, साधारण अर्ध्या अंतरावर, गल्ल्यांची एक गोलाई दिसते. ती जुन्या, तेराव्या शतकातील तटाची जागा. तो तट पाडला गेला, पण त्याच्या रेषेवर रस्ता राहिला. आतल्या गोलात दगडी, मोठ्या, बाजाराकडे तोंड केलेल्या इमारती अधिक आहेत आणि बाहेरच्या पट्ट्यात लहान घरे, कोठारे, बागा. गाव कसे वाढले हे सांगायला यापेक्षा चांगला नकाशा मिळणार नाही.

तट, वेशी आणि बाजार

न्योर्डलिंगनचा लेखी उल्लेख ८९८ मध्ये प्रथम येतो. १२१५ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याच्या दुसऱ्या फ्रीडरिखच्या काळात ते थेट सम्राटाच्या अधिकाराखाली आले, म्हणजे साम्राज्य-नगर झाले. त्याच्यावर कोणा सरंजामदाराची सत्ता उरली नाही. १२१९ मध्ये येथील पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या) जत्रेची नोंद सापडते. फ्रांकफुर्टकडून आउग्सबुर्गकडे आणि न्युर्नबेर्गकडून उल्मकडे जाणारे व्यापारी मार्ग येथे एकमेकांना छेदत, आणि सपाट, धान्याने समृद्ध तळ घोड्यांना व गाड्यांना सोयीचा होता. मध्ययुगाच्या उत्तरार्धात ही जत्रा दक्षिण जर्मनीतील महत्त्वाच्या दूरपल्ल्याच्या बाजारांपैकी एक होती. कापड, लोकर, कातडी, धातूच्या वस्तू येथे हात बदलत. ती जत्रा आजही भरते.

१३२७ मध्ये सम्राट बायर्नचा लुडविग याने नवा, मोठा तट बांधण्याची आज्ञा दिली आणि जुन्या तटाबाहेर वाढलेल्या वस्त्या आत घेतल्या गेल्या. हा सुमारे २.७ किलोमीटरचा तट आज सलग उभा आहे आणि त्यावरील छप्पर असलेल्या वाटेने गावाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. जर्मनीत अशी संपूर्ण प्रदक्षिणा येथेच शक्य आहे. सावकाश चालल्यास एक तास पुरतो, पण दीड तास ठेवावा. चालताना आतल्या बाजूला तटाला पाठ लावून बांधलेली चिमुकली घरे दिसतात. सैनिकांसाठी आणि पुढे गरिबांसाठी ती वापरली गेली. तटाची मागची भिंत फुकट मिळत असल्यामुळे अशा घराला तीनच भिंती बांधाव्या लागत.

पाच वेशी आहेत आणि त्यांपैकी चार वेशींची नावे आपण घरी नकाशावर वाचलेली आहेत: बाल्डिंगर, ल्योप्सिंगर, डायनिंगर, राइमलिंगर. ज्या गावाकडे रस्ता जातो, त्या गावाचे नाव वेशीला. पाचवी बेर्गर वेस टेकडीकडे जाते. प्रत्येक वेशीतून एक रस्ता थेट मध्यावरच्या बाजाराकडे येतो. आठवड्याच्या बाजाराला कोणत्या गावची बैलगाडी कोठून आत आली असेल, हे या पाच रस्त्यांवर उभे राहिले की समजते. ल्योप्सिंगर वेशीत तटबंदीचे संग्रहालय आहे. याच वेशीविषयी सांगतात की १४४० मध्ये योटिंगनच्या सरदाराने पहारेकऱ्यांना फितवून रात्री दार उघडे ठेवायला लावले, आणि दाराला अंग घासणाऱ्या एका डुकरामुळे ते उघडे असल्याचे एका बाईच्या ध्यानात आले. डुकराची गोष्ट दंतकथा म्हणून ऐकावी. शेजारच्या सरदाराची भीती मात्र तटाच्या प्रत्येक दगडात आहे.

तटावरून उतरताना उत्तर भागात, एगरच्या काठी, कातडी कमावणाऱ्यांची जुनी वस्ती पाहावी. घरे उंच आहेत आणि त्यांच्या माळ्यांना वारा खेळेल अशा उघड्या जागा ठेवलेल्या आहेत, कारण तेथे कातडी वाळत घालत. या धंद्याला वाहते पाणी हवे आणि त्याचा वास मोठा, म्हणून तो नदीकाठी आणि बाजारापासून दूर. नदी, धंदा आणि घराची ठेवण यांचा संबंध इतक्या थेटपणे दिसणारी वस्ती क्वचितच पाहायला मिळते.

मध्यभागी परतल्यावर नगरभवनाचा १६१८ चा दगडी बाह्यजिना पाहावा. जिन्याखालच्या दाराशी विदूषकाची आकृती कोरलेली आहे आणि तिच्याजवळचा लेख वाचणाऱ्याला सांगतो, ‘आता आपण दोघे झालो’.

वाइनमार्क्टपाशी मात्र गंभीरपणे थांबावे. तेथे जवळच मारिया होल हिच्या नावाचे कारंजे आहे. १५८९ ते १५९८ या काळात न्योर्डलिंगनच्या नगरसभेने चेटूक केल्याच्या आरोपावरून पस्तीस जणांना ठार मारले; त्यांत चौतीस स्त्रिया होत्या. मारिया होल ही खानावळ चालवणारी स्त्री १५९३ मध्ये पकडली गेली. तिचा बासष्ट वेळा छळ करण्यात आला आणि तिने एकदाही खोटी कबुली दिली नाही. कबुलीशिवाय शिक्षा देता येत नसल्यामुळे १५९४ मध्ये तिला सोडावे लागले, आणि त्यानंतर लोकांचा या खटल्यांवरचा विश्वास उडत गेला. ज्या नगरसभेने तट, चर्च आणि बाजार उभारला, तिनेच हेही केले. १३८४ मध्ये याच गावात ज्यू रहिवाशांची कत्तल झाली आणि १५०७ मध्ये उरलेल्यांना हाकलून देण्यात आले. सुंदर कौलांच्या गावात फिरताना या गोष्टी वगळून पुढे जाऊ नये. वगळल्यास तो इतिहास खोटा होतो.

गाव असे गोठून का राहिले

हा प्रश्न प्रत्येक पाहुण्याला पडतो, आणि त्याचे उत्तर गावाबाहेर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेकडील आल्बुख टेकडीवर जावे. सायकल मिळाल्यास उत्तम. ही टेकडी विवराच्या कडेच्या डोंगराळ पट्ट्यात आहे आणि तेथून गावाचा मनोरा दिसतो. तीस वर्षांच्या युद्धात, १६३४ च्या ऑगस्टमध्ये, सम्राटाच्या सैन्याने प्रोटेस्टंट न्योर्डलिंगनला वेढा घातला. गाव १५२९ मध्येच श्पायर येथील प्रोटेस्टंट निषेधात सहभागी झालेल्या चौदा नगरांपैकी एक होते. वेढा फोडण्यासाठी स्वीडनचे सैन्य गुस्ताव्ह होर्न आणि झाक्सेन-वायमारचा बेर्नहार्ड यांच्या नेतृत्वाखाली आले. सपाट तळावर उतरून लढायचे तर आधी कडेवरची उंची हाती हवी होती. म्हणून ५ आणि ६ सप्टेंबरला सगळी लढाई या टेकडीभोवती झाली. सम्राटाच्या बाजूने लढणाऱ्या स्पेनच्या तुकड्यांनी आल्बुखवर मोर्चे बांधले होते. होर्नने वारंवार हल्ले केले, ते परतवले गेले, स्वीडिश सैन्याचा धुव्वा उडाला आणि होर्न कैद झाला. टेकडीवर उभे राहून पाहिले की विवराच्या कडेने लढाईची जागा कशी ठरवली ते नकाशाशिवाय कळते.

गावाने लगेच शरणागती पत्करली. वेढा, उपासमार, साथी आणि खंडणी यांत लोकसंख्या सुमारे निम्म्यावर आली. मारिया होलही याच वर्षी मरण पावली. १६४५ मध्ये जवळच आलरहाइमला आणखी एक मोठी लढाई झाली. त्यानंतर जत्रेचे महत्त्व ओसरले, व्यापार लाइपझिगसारख्या ठिकाणी सरकला, आणि तटाच्या आत जागा पुरून उरू लागली. दोन शतके गावाला तटाबाहेर घर बांधण्याचे कारण पडले नाही. १८०३ च्या सुमारास साम्राज्य-नगराचा दर्जा जाऊन गाव बायर्नमध्ये सामील झाले. इतरत्र या काळात तट पाडून दगड विकले जात होते. येथे १८२६ मध्ये राजा पहिल्या लुडविगने तट पाडण्यास मनाई केली. १८४९ मध्ये रेल्वे आली, ती तटाबाहेरून गेली. जुन्या इंजिन-शेडमध्ये आज रेल्वेचे संग्रहालय आहे, आणि ज्यांना वाफेच्या इंजिनांची आवड आहे त्यांनी त्यासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवावा. फुटबॉलपटू गेर्ड म्युलर १९४५ मध्ये याच गावात जन्मला. मैदानाला त्याचे नाव आहे.

आल्बुखवरून परतताना होलहाइमकडे वळावे. तेथे लिंडले या जुन्या खाणीत आघाताने चिरफाळलेली चुनखडी उघडी दिसते, आणि जवळच्या उतारावर ऑफनेट गुहा आहेत. १९०८ मध्ये या गुहेत मध्याश्मयुगातील तीसहून अधिक मानवी कवट्या दोन खळग्यांत नीट मांडून ठेवलेल्या आढळल्या. गुहेच्या पायथ्याशी रोमन काळातील एका शेतवाड्याचे पाये आहेत. शिकारी माणसांनी कडेवरच्या चुनखडीतली गुहा निवडली, रोमन शेतकऱ्याने उतार संपून लोएस सुरू होते तो काठ निवडला, आणि अलेमानी माणसे तळात उतरली. हे तिन्ही थर एका किलोमीटरच्या चालण्यात पायाखालून जातात.

खाणीत हातोडी चालवू नये आणि शेतातून चालताना बांध सोडू नये. ज्यांना सुएव्हाइट आणि त्याच्या खालचा रंगीत राडा एकाच कड्यात पाहायचा आहे, त्यांनी योटिंगनजवळच्या आउम्युले खाणीला जावे. दगड वेचायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी.

मुक्काम करावा असे आधी सांगितले, ते रात्रीसाठी. डानिएलवर आजही पहारेकरी असतो, आणि रात्री दहापासून मध्यरात्रीपर्यंत दर अर्ध्या तासाने तो वरून हाक देतो: ‘झो, ग्झेल, झो!’ म्हणजे ‘असे, गड्या, असे!’ डुकराची ती कथा याच हाकेची उत्पत्ती सांगते. ती ऐकण्यासाठी चर्चच्या पायथ्याशी उभे राहू नये. तेथे आवाज उंचावरून डोक्यावरून निघून जातो. ल्योप्सिंगर रस्त्यावर, बाजार मागे टाकून वेशीकडे थोडे चालत जावे, दहा वाजण्याच्या आधी दोन मिनिटे थांबावे आणि मनोऱ्याच्या वरच्या दिव्याकडे पाहत राहावे.